पलीकडच्या विरजणाची कहाणी

ऐक ग विरजाई, तुझी कहाणी. आणि बायांनो, तुम्हीही ऐका. नुसत्या माना डोलवू नका. गेल्या वर्षी मी इकडं घसा कोरडा करत होते आणि मागच्या दोघी संध्याकाळच्या भाजीचं ठरवत होत्या. यंदा तसं झालं तर पोथी मिटीन आणि उठून जाईन, मग देवीला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.

आटपाट गाव होतं. होतं एकच, पण नांदत होतं दोन होऊन. मधून ओढा वाहत होता. ओढ्यात मधोमध उंचवटा होता, त्यावर विरजाईचं देऊळ होतं. ओढ्याच्या या अंगाला राहत ते अलीकडचे, त्या अंगाला राहत ते पलीकडचे. पलीकडचेही स्वतःला अलीकडचेच म्हणवून घेत, तो एक निराळाच तंटा. अलीकडच्यांचा पुढारी तुळाजी पाटील. त्याची बायको म्हाळसा. पलीकडच्यांचा पुढारी सिदोजी. त्याची बायको गोजरा. म्हाळसेला एकुलती एक लेक होती, तिचं नाव येसू. नवसाची, सायीसारखी जपलेली. ती गोजरेच्या मुलाला दिली होती. म्हाळसा म्हणायची, लेक काही लांब दिली नाही, चुलीवर भात चढवावा, लेकीला भेटून यावं, तोवर भात शिजलेला असतो.

त्या गावात विरजाईचा वसा होता. श्रावणातल्या शेवटच्या बुधवारी पहाटे उठावं, न्हावं, मागायला येईल तिच्यापुरतं विरजण निराळं ठेवावं, बाकी घरातलं सगळं दही वाटून टाकावं. विरजणाचं भांडं राखेनं लखलखीत घासावं. मग ते रिकामं भांडं घ्यावं आणि जिच्याशी आपलं बोलणं नाही, तिच्या दारी जावं. ‘बाई, विरजण घाल’ म्हणावं. तिनं नाही म्हटलं तर दुसऱ्या दिवशी जावं. दुसऱ्या दिवशी नाही म्हटलं तर तिसऱ्या दिवशी जावं. मिळेल ते विरजण आपल्या दुधात घालावं, दही लागलं की त्यातली पहिली वाटी तिला नेऊन द्यावी, तिच्या उंबऱ्याशी बसून चार शब्द बोलावेत. एवढाच वसा. ना सोनं लागत, ना नाणं लागत, ना ब्राह्मण लागत. सोपा वाटतो ना? वाटायचाच. करून बघा म्हणजे कळेल.

मग एक वर्षी काय झालं, चैत्रात देवीची जत्रा आली. ओटी भरायला म्हाळसा गेली. ओटी भरायला गोजराही गेली. देवळाला दार एक, ते अरुंद. दोघी एकदम दारात आल्या. मागनं दोघींची माणसं आली. हे म्हणाले आमची ओटी आधी. ते म्हणाले आमची ओटी आधी. रेटारेटी झाली. कुणाचा तरी धक्का लागला आणि एक नारळ आणि एक खण चिखलात पडला. कुणाचा नारळ, कुणाचा खण, ते काही मी सांगत नाही. सांगितलं की तुम्ही लगेच बाजू घ्याल.

झालं! नारळ उचलायला कुणी वाकलं नाही. तो तिथंच राहिला आणि माणसं हातघाईवर आली. त्या दिवसापासून दोन्ही काठांत विस्तव जाईना. पलीकडच्यांकडं न्हावी होता, तो अलीकडं येईना. अलीकडच्यांकडं कुंभार होता, तो पलीकडं जाईना. मग अलीकडचे दाढ्या वाढवून हिंडू लागले आणि पलीकडचे तडे गेलेल्या घागरीला मेण लावून पाणी भरू लागले. पण माघार? नाव नको! देवळाला दार एक होतं. पुरुष म्हणाले, एका दारानं भांडण होतं. मग त्यांनी पहार घेतली आणि मागची भिंत फोडून दुसरं दार पाडलं. हे या दारानं येत, ते त्या दारानं येत. देवीला विचारलं का कुणी? बिचारी बसली वाऱ्यात. दिवा म्हणून टिकेना.

आणि येसू? तिच्या लग्नाला तेव्हा चार महिने झाले होते. ती राहिली पलीकडं. म्हाळसा म्हणाली, त्यांनी निरोप धाडल्याशिवाय मी लेकीला आणायला मुराळी धाडणार नाही. गोजरा म्हणाली, मुराळी आल्याशिवाय मी सुनेला पाठवणार नाही. पंचमी आली, येसू माहेरी आली नाही. गौरी आल्या, येसू आली नाही. दिवाळी आली, येसू आली नाही. ती त्या काठाला धुणं धुवायची, म्हाळसा या काठाला भांडी घासायची. मायलेकी एकमेकींकडं बघायच्या. बोलायची बंदी होती. कुणाची बंदी? पुरुषांची, असं म्हाळसा म्हणायची. तुम्हीही तेच म्हणता, ‘आम्ही काय करणार, आमच्या घरी चालत नाही.’ म्हणा. पुढं ऐका.

तर भांडणानंतरचा पहिलाच श्रावण आला. शेवटचा बुधवार जवळ आला. म्हाळसेला कोडं पडलं. आता रिकामं भांडं घेऊन कुणाच्या दारी जायचं? बोलणं नाही ते गोजरेशीच. गोजरेकडं जावं तर नाक खाली होतं. न जावं तर वसा मोडतो. तिनं काय केलं? तिच्या शेजारी तिची धाकटी जाऊ राहत होती, सारजा नावाची. दोघींचं इतकं गूळपीठ की एकीला ठसका लागला तर दुसरी पाणी प्यायची. तर मंगळवारी दिवस मावळताना म्हाळसा अंगणात उभी राहिली, कमरेवर हात ठेवले आणि ओरडली, “सारजे, तुझ्या कोंबडीनं माझं वाळवण उकरलं!”

सारजा म्हणाली, “उकरलं तर उकरलं! तुमचं वाळवण काय सोन्याचं आहे?”

“आजपासून तुझं माझं बोलणं बंद!”

“बंद तर बंद!”

दोघी घरात गेल्या आणि पदर तोंडात धरून हसल्या. बुधवारी सकाळी म्हाळसा भांडं घेऊन सारजेच्या दारी गेली. ‘बाई, विरजण घाल.’ सारजेनं घातलं. वसा झाला, देवी पावली! अलीकडच्या सगळ्या बायकांनी तेच केलं. मंगळवारी भांडायचं, बुधवारी विरजण मागायचं. पलीकडच्यांना काय कमी अक्कल होती का? गोजरेनंही तेच केलं, आपल्या नणंदेशी. दोन्ही काठांवर मंगळवारी नुसता कलकलाट. हसता काय? लाज वाटायला पाहिजे. देवीला फसवायला निघाल्या होत्या, आणि ते पण कोंबडी पुढं करून.

मग बुधवारी दुपारी म्हाळसेच्या दारात एक म्हातारी आली. केस पिकलेले, पाय चिखलानं भरलेले, हातात रिकामं भांडं. म्हणाली, “बाई बाई, विरजण घाल.”

म्हाळसा म्हणाली, “म्हातारे, तू अलीकडची का पलीकडची?”

“मी मधली.”

“मधलं कुणी नसतं. चल, पुढचं घर बघ.”

म्हातारी गेली. त्या रात्री लागलेलं दही आंबट झालं. इतकं की तोंडात घातलं की डोळा मिटावा. म्हाळसा म्हणाली, उकाडा फार आहे. श्रावणात उकाडा!

दुसरं वर्ष आलं. येसू आली नाही. शेवटच्या बुधवारच्या आदल्या दिवशी म्हाळसा अंगणात उभी राहिली, “सारजे, तुझ्या कोंबडीनं...” सारजा म्हणाली, “जाऊबाई, यंदा कोंबडी नको, कोंबडी माघातच मेली. यंदा थापलेल्या शेण्या घेऊ.” मग शेण्यांवरून भांडल्या. बुधवारी विरजण घेतलं. दुपारी म्हातारी आली. “बाई बाई, विरजण घाल.” म्हाळसेला वाटलं, व्रताचा दिवस आहे, रिकामी कशी धाडू? तिला मागच्या दाराशी बोलावलं. आपल्या भांड्याला तिचं भांडं लागू नये म्हणून हात उंच धरला आणि वरनं चमचाभर विरजण टाकलं. निम्मं भांड्यात पडलं, निम्मं म्हातारीच्या मनगटावर पडलं. म्हातारीनं ते मनगट पुसलं आणि गेली. त्या रात्री दह्याला तार सुटली. काढायला जावं तर चमच्याबरोबर चिकासारखं लोंबावं. म्हाळसा म्हणाली, म्हशीनं काहीतरी खाल्लं असेल. दोष म्हशीचा!

तिसरं वर्ष आलं. येसूला दिवस गेले. हे म्हाळसेला कुणी सांगितलं नाही, तिनं काठावरनं बघितलं. पोर धुणं धुवायला वाकायची ती कमरेला हात लावून उठायची. पहिलं बाळंतपण, माहेरी व्हायचं. पाचवा महिना गेला, निरोप नाही. सहावा गेला, मुराळी नाही. सातवा लागला. आणि श्रावणात येसू धुणं धुवायला यायचीच बंद झाली. म्हाळसा एक दिवस बसली, दोन दिवस बसली, तीन दिवस बसली. त्या काठाला दुसरीच बाई धुणं आपटत होती. म्हाळसेचा जीव टांगणीला लागला. लागला म्हणजे काय, घरी येऊन रडली. रडायला कुणाची बंदी नव्हती ना!

त्याच श्रावणात दही लागायचं थांबलं. संध्याकाळी विरजण लावावं, सकाळी बघावं तर खाली पाणी, वर चोथा. म्हाळसेचं नासलं, सारजेचं नासलं, सगळ्या काठाचं नासलं. नासणारच. एकीचं विरजण दुसरीकडं, दुसरीचं तिसरीकडं, फिरून परत पहिलीकडं. तीन वर्षं तेच तेच.

बुधवारी दुपारी म्हातारी आली. तिच्या हातात भांडं नव्हतं. म्हाळसा आपणहून म्हणाली, “आजी, या वर्षी माझ्याकडं द्यायला काही नाही. दहीच लागत नाही.”

म्हातारी म्हणाली, “मी मागायला आले नाही, सांगायला आले. तुझ्या लेकीला दह्याचे डोहाळे लागलेत. आईच्या हातचं दही पाहिजे म्हणते. आठ दिवस झाले, दुसरं काही पोटात ठरत नाही. वाळून काटकी झालीय. अशीच राहिली तर तीही जाईल आणि पोटातलंही जाईल.”

म्हाळसेनं कपाळावर हात मारून घेतला. म्हातारीचे पाय धरले. “आई आई, मला उपाय सांगा. कुठला वसा सांगाल तो करीन. सोळा सोमवार सांगा, सोळा करीन. निर्जळी सांगा, निर्जळी करीन.”

तेव्हा म्हातारी कडाडली. “उठ! कसला वसा विचारतेस? वसा तुला तोंडपाठ आहे. तीन वर्षं तू मला फसवलंस. कोंबडीवरनं फसवलंस, शेण्यांवरनं फसवलंस. जिच्याशी गोड आहेस तिच्याच दारी गेलीस आणि मला म्हणालीस, झालं व्रत. पण खरं बघशील तर तू गोजरेला फसवलं नाहीस, मला नाहीस, तू तुझ्या लेकीला फसवलंस. भांडं घास आणि जा. उतू नको, मातू नको आणि कोंबडीला मधे घालू नको.” असं म्हणून म्हातारी ओढ्यात उतरली, उंचवट्यावर चढली आणि देवळात दिसेनाशी झाली. म्हाळसेनं ओळखलं, ही विरजाई.

मग म्हाळसेनं भांडं घासलं. पहिल्या दिवशी ओढ्यापर्यंत गेली. तिथं चार बायका होत्या. त्यांनी विचारलं, “पाटलीणबाई, भांडं घेऊन कुठं?” म्हाळसा म्हणाली, “कुठं नाही, धुवायला आले.” धुतलेलं भांडं पुन्हा धुतलं आणि घरी आली. हो! देवी दारात येऊन सांगून गेली तरी चार बायका काय म्हणतील याचंच भय मोठं. मला तर इथं दर वर्षी तिचा राग येतो, पोथी बाजूला ठेवावीशी वाटते.

दुसऱ्या दिवशी ती मनाचा हिय्या करून ओढा ओलांडून गेली. गोजरेच्या अंगणात उभी राहिली. “विहीणबाई, आहात का घरात?” आतनं गोजरेचाच आवाज आला, “गोजरा घरात नाही!” म्हाळसा म्हणाली, “मग कोण बोलतंय?” आतनं कडी लागली. म्हाळसा घटकाभर थांबली आणि परत फिरली. येताना तिला सोप्याच्या खिडकीत येसूचा चेहरा दिसला. गालफडं बसलेली, डोळे एवढाले.

गावात बातमी पसरली. पाटलाची बायको पलीकडं गेली, भीक मागायला गेली, तोंड पाडून परत आली. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हाळसा भांडं घेऊन निघाली तर ओढ्याच्या काठावर तुळाजी पाटील उभा. मागं पाच-पंचवीस दाढीवाले. तुळाजी म्हणाला, “पाण्यात पाऊल टाकलंस तर घराचं दार तुला बंद.”

बायांनो, नवऱ्यापुढं मान वर न केलेली बाई ती. पण त्या दिवशी तिनं भांडं काखेत मारलं आणि सगळ्या गावादेखत बोलली.

“बंद करा. तीन वर्षं तुमचं ऐकलं. एक नारळ चिखलात पडला. नारळ! उचलून धुतला असता तर त्याची चटणी झाली असती. त्याच्यापायी तुम्ही देवीचं घर फोडलं. त्याच्यापायी तुम्ही अस्वलासारखे वाढलात. आणि त्याच्यापायी माझी लेक त्या घरात अन्नाविना मरतेय. तुमची नाही का हो ती? मांडीवर घेऊन मिरवत होता ना? तिला तेव्हा कुणी विचारलं होतं, तू अलीकडची का पलीकडची? मी चुकले. मी जाऊबाईशी लटकं भांडत बसले, खरं भांडायला पाहिजे होतं ते तुमच्याशी. आज भांडते. व्हा बाजूला!”

पाटील एक पाऊल मागं सरला. दाढीवाले एकमेकांकडं बघू लागले. म्हाळसा पाण्यात उतरली. तिच्या मागनं सारजा उतरली. सारजेच्या मागनं आणखी दोघी उतरल्या. बाकीच्या? बाकीच्या दाराआडून बघत राहिल्या. त्यांनाही लेकी होत्या, त्यांच्याही बहिणी पलीकडं दिलेल्या होत्या. पण बघत राहिल्या. मान खाली का घातलीत ग? मी काही कुणाचं नाव घेतलं नाही.

म्हाळसा गोजरेच्या दारी गेली, उंबऱ्याबाहेर भुईवर बसली. “विहीणबाई, विरजण घाला. नाही म्हणायचं असेल तर समोर येऊन म्हणा. मी उठायची नाही.”

गोजरा बाहेर आली. डोळे सुजलेले. भडाभडा बोलायला लागली. “आज आठवण झाली? तीन वर्षं मी दाराकडं डोळे लावून बसले. तुमच्याकडनं मुराळी येईल, मी सुनेला साडीचोळी करून पाठवीन. आला नाही. सूनबाई जेवत नाही. मी शिरा केला, खीर केली, सांजा केला. सगळं उलटतं. दही दे म्हणते, तर दही लागत नाही. मला काय हौस आहे का लोकाच्या लेकीला मारायची? मी काय दगड आहे?”

“मुराळी मी धाडला नाही,” म्हाळसा म्हणाली. “मी तुमच्या निरोपाची वाट बघत बसले. माझी चूक झाली.”

आता खरं तर इथं गोजरेनं म्हणायचं होतं, माझीही झाली. पण लगेच कसं म्हणेल? ती म्हणाली, “हं.” एवढंच. आणि खांबाला टेकून रडायला लागली. मग म्हणाली, “विरजण कशाचं घालू? माझंही नासलंय. महिना झाला.”

“नासलेलं घाला.”

“नासलेल्याचं दही कधी लागलंय का?”

“देवीनं मागायला सांगितलंय. चांगलंच माग असं काही तिनं सांगितलं नाही.”

गोजरेनं मडक्याचा तळ खरवडला. हिरवट पाणी आणि चोथा, वास येणारं. म्हाळसेनं नाक मुरडलं नाही. गोजरेनं तिला हाताला धरून उठवलं, स्वयंपाकघरात नेलं, चुलीपुढं पाट मांडला. दूध गोजरेचं, विरजण गोजरेचं, हात म्हाळसेचा. दूध कोमट केलं, त्यात ते नासकं घातलं, विरजाईचं नाव घेतलं, वर ताट झाकलं. घरचं दार बंद झालेलं होतं, जाणार कुठं? म्हाळसा तिथंच राहिली, लेकीच्या अंथरुणाशी बसली. सारजा आणि त्या दोघी ओसरीवर राहिल्या.

सकाळी गोजरेनं ताट काढलं. तर काय! पांढरंशुभ्र, घट्ट, सुरी लावावी तर वडी पडावी असं दही. एवढंसुद्धा पाणी नाही. गोजरा म्हणाली, “विहीणबाई, लागलं हो!” आणि तिनं म्हाळसेला मिठी मारली. मारली म्हणजे मारली, मधे मडकं आहे हेही विसरली. म्हाळसेनं वसा आठवला. पहिली वाटी गोजरेच्या हातात दिली. गोजरेनं ती वाटी स्वतः घेतली नाही, येसूच्या तोंडाला लावली. येसूनं एक घास खाल्ला, पोटात ठरला. दुसरा खाल्ला, ठरला. तिसऱ्या घासाला म्हणाली, “मीठ घाला जरा.” दोघी आया हसल्याही आणि रडल्याही.

मग बातमी फुटली, गोजरेकडं दही लागलं. आधी पलीकडच्या बायका भांडी घेऊन आल्या. मग अलीकडच्या आल्या, त्या दाराआडच्या! आता बऱ्या आल्या. गोजरेनं कुणाला विचारलं नाही तू कुठली. म्हाळसेनं कुणाला वरनं टाकलं नाही. दोघींनी मिळून, भांड्याला भांडं लावून विरजण घातलं. तीन दिवसांत दोन्ही काठांना घरोघर दही लागलं, आणि ते सगळं त्या एका मडक्यातलं. चौथ्या दिवशी तुळाजी पाटील आला. हातात भांडं, मान खाली. गोजरेच्या दारात उभा राहून म्हणाला, “विहीणबाई, विरजण घाला.” गोजरेनं घातलं. मग तो सिदोजीकडं वळला आणि म्हणाला, “न्हावी मोकळा असला तर जरा...” सिदोजी म्हणाला, “न्हावी बसलाय. तुमचा कुंभार पाठवा.” पुरुषांचं एवढंच बोलणं झालं, पण झालं. देवळाचं दुसरं दार बुजवायचं ठरलं. आधी कोणत्या काठानं दगड लावायचा यावरनं पुन्हा आवाज चढले, तेव्हा बायकांनीच पदर खोचले, चिखल कालवला आणि सगळी भिंत एका दुपारी उभी केली.

मग चांगला दिवस बघून येसू बाळंतपणाला माहेरी निघाली. तिचा एक हात म्हाळसेनं धरला, एक हात गोजरेनं धरला. दोन्ही काठांना गाव उभं होतं. वाजंत्री होती, अलीकडची सनई आणि पलीकडचा ताशा. तिघी ओढ्यात उतरल्या. मधोमध आल्यावर येसू थांबली. गोजरा म्हणाली, “काय ग, कळ आली का?”

येसू खाली बघत होती. मग तिनं आईकडं बघितलं. म्हणाली, “आई, तीन वर्षं तू त्या काठावरनं बघत होतीस. मीही बघत होते. रोज वाटायचं, आज आई येईल.”

येसूनं मानेनंच खालचं पाणी दाखवलं.

“पाणी तर गुडघ्याएवढंच होतं ग, आई. श्रावण असून.”

म्हाळसेनं खाली पाण्याकडं बघितलं. गोजरेनंही बघितलं. सनई थांबली, ताशा थांबला. काठावरचे पुरुष पायांकडं बघायला लागले. मग येसूनंच दोघींना ओढलं, म्हणाली, “चला, माझे पाय भरून आले.”

दिवस भरल्यावर येसूला कन्या झाली. विरजाईनं राखलं म्हणून दोघी जगल्या, नाहीतर त्यांना मारायची तजवीज सगळ्या गावानं मिळून केली होती.

विरजाई जशी येसूला पावली तशी तुम्हा आम्हांला पावो. पण कुणाच्या तोंडात शेण्या असतील, कुणाच्या अंगणात कोंबडी असेल, त्यांना ती पावायची नाही, मी आधीच सांगते. प्रत्येकीला ठाऊक आहे आपली गोजरा कुठं राहते. भांडी घ्या आणि उठा. साठ बोलांची कहाणी पाच बोलांत मी सांगितली, संपूर्ण झाली. सुफळ ती तुमच्या पायांनी होवो.